डेअरीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी भाजीपाल्याला: काय तपासायचं, किती द्यायचं, कुठे थांबायचं?

बांधावरचा
गावालगतच्या एका दूध प्रकल्पाने ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करणारं संयंत्र) निघणारं पाणी पाइपलाइनने शेतकरी गटाला द्यायची तयारी दाखवली आहे. रोज साधारण १५० घनमीटर. प्रकल्पात पाऊच दूध, दही आणि पनीर होतं. आमची जमीन मध्यम काळी, दोन-अडीच फुटांवर चुनखडी, निचरा बेताचाच. पिकं टोमॅटो, कोबी, घेवडा, कांदा, थोडी कोथिंबीर. सगळीकडे ठिबक आहे.

त्यांनी दिलेला अहवाल: सामू (पीएच) ७.८, बीओडी (जिवाणूंना सेंद्रिय घाण पचवायला लागणारा प्राणवायू) २२, सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) ११०, निलंबित घनपदार्थ ४०, तेल-ग्रीस ४ (सामू सोडून सगळं मिग्रॅ/लि). "सगळं मानकांच्या आत आहे, बिनधास्त वापरा" असं त्यांचं म्हणणं. हो म्हणायच्या आधी जाणकारांनी सांगावं, अजून काय बघायला हवं?

ईटीपीवाला
अहवाल खरा असेल तर ईटीपी उत्तम चालतोय. डेअरीसाठी केंद्राच्या मानकात बीओडी १००, निलंबित घन १५०, तेल-ग्रीस १०, सामू ६.५ ते ८.५ असं आहे, आणि दर किलोलीटर दुधामागे सांडपाणी ३ घनमीटरच्या वर जाऊ नये. बीओडीची मर्यादा प्रदूषण नियंत्रण मंडळ ३० पर्यंत खाली आणू शकतं. त्या हिशेबाने तुमचं पाणी पास.

पण ही मानकं नदी-ओढ्यातला प्राणवायू वाचवायला केलेली आहेत. तुमच्या टोमॅटोच्या मुळांना बीओडी २२ आहे की ६० याने फारसा फरक पडत नाही, माती ते पचवते. ज्याने फरक पडतो तो सोडियम या अहवालात कुठेच नाही, आणि डेअरीच्या पाण्यात तोच मुख्य प्रश्न असतो. ईटीपीतले जिवाणू दूध खातात, मीठ खात नाहीत. आत गेलेला सोडियम जसाच्या तसा बाहेर येतो.

हे मागवा: ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण क्षारांचं माप), सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, कार्बोनेट-बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, बोरॉन, एकूण नत्र, अमोनिया नत्र, फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू). जड धातू सुरुवातीला एकदा आणि नंतर वर्षाला एकदा पुरेत, डेअरीत ते सहसा सापडत नाहीत.

सामू_सात
नमुना कसा घेतला तेही विचारा. डेअरीत टाक्या आणि पाइप धुण्याचं काम, म्हणजे सीआयपी, पाळी संपताना आणि रात्री चालतं. सकाळी ११ ला आउटलेटवर बाटली भरली तर त्यात कॉस्टिकचा (धुण्यासाठीचा कॉस्टिक सोडा) पत्ता नसतो. २४ तास दर तासाला एक लीटर घेऊन मिसळायचं, प्रवाह कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात, आणि त्यातून नमुना काढायचा. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचा एक नमुना वेगळा.

बाटल्यांचं: क्षारांसाठी साधी स्वच्छ प्लास्टिकची चालते. धातूंसाठी नायट्रिक आम्ल टाकून सामू २ च्या खाली. कोलिफॉर्मसाठी निर्जंतुक बाटली, पाण्यात क्लोरीन असेल तर सोडियम थायोसल्फेट घातलेली, बर्फात ठेवून शक्यतो ६ तासांत प्रयोगशाळेत. बीओडीचा नमुनाही बर्फातच. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीचा बीओडी आपोआप कमी येतो, तेवढ्यावर खूश होऊ नका.

आणि खिशातल्या टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) पेनवर विसंबू नका. कुणी ईसीला ०.५ ने गुणतं, कुणी ०.६४ ने, कुणी ०.७ ने. पेन असेल तर ते ईसीवर लावून वाचा.

मुळाभाजी
मूळ प्रश्नच विचारते. भाजीपालाच का? हेच पाणी हत्तीगवत, मका चारा, बांबू यांना द्या, धोका एकदम उतरतो. कोथिंबीर आणि कोवळी काकडी माणसं कच्ची खातात.

ईटीपीवाला
ताई, सल्ला योग्यच आहे आणि पाण्याचा काही भाग तिकडे न्यावाच लागणार आहे. पावसाळ्यात भाजीला पाणी लागत नाही पण डेअरी बंद होत नाही. मात्र अन्नप्रक्रियेचं पाणी आणि रासायनिक कारखान्याचं पाणी एका मापाने मोजू नये. यात जे असतं ते दूध, साबण आणि मीठ. साबण-दुधाचं बघता येतं. मीठ आवरलं तर भाजी करता येते, नाही आवरलं तर गवतसुद्धा काही वर्षांत पिवळं पडेल, कारण जमीन तीच आहे.

बांधावरचा
२४ तासांचा मिश्र नमुना घेऊन नवा अहवाल आला. ईसी १.५ डेसिसीमेन्स/मीटर, सोडियम २३०, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४, बायकार्बोनेट ३६६, क्लोराइड १७७, बोरॉन ०.२, एकूण नत्र २०, त्यातलं अमोनिया नत्र ८ मिग्रॅ/लि. फीकल कोलिफॉर्म १०० मिलीत ४,०००. धातू नगण्य.

काळीमाती
चला, आता बोलता येईल. आधी मिलिग्रॅमचं मिलिइक्विव्हॅलंट (मिइ, रासायनिक तुल्यभाराचं एकक) करा: सोडियम भागिले २३, कॅल्शियम भागिले २०, मॅग्नेशियम भागिले १२.२, बायकार्बोनेट भागिले ६१, क्लोराइड भागिले ३५.५.

सोडियम १०, कॅल्शियम ३, मॅग्नेशियम २, बायकार्बोनेट ६, क्लोराइड ५.

एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ते प्रमाण) = सोडियम भागिले वर्गमूळ((कॅल्शियम + मॅग्नेशियम) / २) = १० / १.५८ = ६.३.
उरलेला बायकार्बोनेट, म्हणजे आरएससी = ६ − (३ + २) = १. हा १.२५ च्या आत असल्याने ठीक, २.५ च्या वर असता तर विषय संपला असता.

एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) तक्त्यात एसएआर ६ ते १२ असताना ईसी १.९ च्या वर असेल तर पाणी मुरण्यात अडचण नाही, १.९ ते ०.५ मध्ये थोडी ते मध्यम, ०.५ च्या खाली गंभीर. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. इथे बरेच जण गोंधळतात: एसएआर तोच असताना ईसी *कमी* झाली की मुरण्याचा त्रास *वाढतो*. क्षार मातीचे कण एकत्र धरून ठेवतात, गोडं पाणी ते सोडवतं.

म्हणूनच उन्हाळाभर असं पाणी देताना काहीही बिघडलेलं दिसत नाही. मातीच्या कणांवर सोडियम चढत राहतो, पाण्यातल्या क्षारांमुळे रचना टिकून राहते. मग जूनमध्ये पाऊस येतो, त्याची ईसी जवळपास शून्य. दोन-तीन जोरदार सरींत वरचा थर फुगतो, कण सुटे होतात, भेगा बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि वावरात पाणी तुंबतं. शेतकरी पावसाला दोष देतो, पण कर्ज उन्हाळ्यातलं असतं.

पुस्तकात चोपण (सोडियमने बिघडलेल्या) जमिनीची रेषा विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम १५ टक्क्यांवर आहे. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत ५-६ टक्क्यांपासूनच चिन्हं दिसू लागतात. १५ ची वाट बघू नका.

पाणी सुरू करायच्या आधी ०-१५, १५-३० आणि ३०-६० सेंमी थरांची माती तपासा: ईसी, सामू, विनिमययोग्य सोडियम, चुनखडी. नंतर दरवर्षी मे अखेरीला, त्याच जागी, त्याच थरांत. पहिला अहवाल नसला की नंतरच्या कुठल्याही आकड्याला अर्थ राहत नाही.

रानपाखरू
पिकांचं मी घेतो. खालचे आकडे मातीच्या संपृक्त अर्काच्या (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेलं पाणी) ईसीचे आहेत, डेसिसीमेन्स/मीटरमध्ये, सिंचनाच्या पाण्याच्या नव्हे. या मर्यादेपुढे उत्पन्न घटू लागतं.

घेवडा १.०
गाजर १.०
कांदा १.२
मुळा १.२
मिरची १.५
कोबी १.८
पालक २.०
टोमॅटो २.५
काकडी २.५
बीट ४.०

पाण्याची ईसी १.५ असेल आणि १५-२० टक्के पाणी मुळांखाली निचरून जात असेल तर मातीची ईसी साधारण दीडपट, म्हणजे २.२५ च्या आसपास स्थिरावते. टोमॅटो बसला, काकडी बसली, बीट निवांत. कोबीला थोडा फटका. घेवडा आणि कांदा यादीतून काढा. मर्यादेपुढे प्रत्येक १ डेसिसीमेन्सला घेवड्याचं उत्पन्न सुमारे १९ टक्के पडतं, कांद्याचं १६, टोमॅटोचं १०.

क्षार मुळांखाली धुऊन काढायला किती जादा पाणी द्यायचं याचं सूत्र: पाण्याची ईसी भागिले (५ × पिकाची मर्यादा − पाण्याची ईसी). टोमॅटो: १.५ / (१२.५ − १.५) = सुमारे १४ टक्के. कोबी: १.५ / ७.५ = २० टक्के. कांदा: १.५ / ४.५ = ३३ टक्के. घेवडा: १.५ / ३.५ = ४३ टक्के. बेताच्या निचऱ्याच्या जमिनीत ३३-४३ टक्के जादा पाणी म्हणजे मुळं कुजवणं. कागदावर जमतं म्हणून करू नका.

चाळणी
निचरा "बेताचा" म्हणजे किती, ते आधी मोजा. १५ सेंमी व्यासाचा पाइपचा तुकडा मातीत १० सेंमी ठोकायचा, आत पाणी भरून दोन तास भिजू द्यायचं, मग पुन्हा भरून तासाला पातळी किती मिमी उतरते ते बघायचं. पाच-सहा जागी करा. तासाला ५ मिमीच्या खाली येत असेल तर क्षार धुऊन काढण्याचं गणित विसरा, आधी चर खणा नाहीतर सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा घ्या.

बांधावरचा
सरासरी ९ मिमी आलं. एका कोपऱ्यात ४. घेवडा-कांदा काढून टाकतो. कोथिंबिरीचं काय? आणि कोलिफॉर्म ४,००० डेअरीत कुठून आले?

सामू_सात
स्वच्छतागृहातून. कँटीन आणि संडास-बाथरूमचं पाणी त्याच ईटीपीला जोडलेलं असणार, फार ठिकाणी असंच असतं कारण जिवाणूंना ते चालतं. नुसत्या दूध-साबणाच्या पाण्यात हा आकडा असा येत नाही. त्यांना सांगा: घरगुती पाणी वेगळ्या सेप्टिक टँक किंवा एसटीपीकडे (घरगुती सांडपाण्याचं शुद्धीकरण संयंत्र). ही पहिली अट लिहून घ्या, निर्जंतुकीकरणाचं नंतर बघू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शिकेत कच्च्या खायच्या पिकांसाठी १०० मिलीत १,००० फीकल कोलिफॉर्म आणि लीटरमागे जंतांचं जास्तीत जास्त एक अंडं, अशी मर्यादा होती. २००६ च्या मार्गदर्शिकेने एका आकड्याऐवजी टप्प्याटप्प्याने धोका उतरवायची पद्धत घेतली. जमिनीपासून उंच लागणाऱ्या पिकाला ठिबकने पाणी दिलं तर ४ लॉग, म्हणजे दहा हजारपट घट धरतात. जमिनीलगतच्या पिकाला ठिबक असलं तरी २ लॉग. शेवटचं पाणी आणि तोडणी यांत अंतर ठेवलं तर दिवसाला अर्धा ते २ लॉग, हवामानाप्रमाणे. घरी धुतल्याने १, सोलल्याने २, शिजवल्याने ६-७.

त्यामुळे तारेवर बांधलेला, मल्चिंगवरचा टोमॅटो सगळ्यात सुरक्षित. कोबी जमिनीलगत असला तरी बहुतेकदा शिजवून खातात. कोथिंबीर जमिनीलगत, कच्ची आणि मातीसकट बाजारात जाते. तिला विहिरीचंच पाणी.

मुळाभाजी
+१. आणि तोडणी केलेली भाजी या पाण्यात *धुवायची* नाही. पाइपलाइन आली की शेतावर तेच सोयीचं पडतं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. या पाण्याच्या नळांना वेगळा रंग द्या, "पिण्यास अयोग्य" लिहा, आणि विहिरीच्या लाइनला कुठेही जोड ठेवू नका, व्हॉल्व्ह लावूनसुद्धा नाही. एनआरव्ही (उलटा प्रवाह अडवणारे व्हॉल्व्ह) गळतात.

ठिबकसिंचन_सल्ला
ठिबकवाल्यांसाठी. या पाण्याने ड्रिपर बुजतात ते तीन कारणांनी: निलंबित घन, चिकट शेवाळी थर, आणि बायकार्बोनेटमुळे बसणारा चुना. तिन्हींचा उपाय वेगळा.

निलंबित घन ४० साठी आधी सँड फिल्टर, मग डिस्क फिल्टर १२० मेश. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर भागवू नका, ईटीपीतले जिवाणूंचे गोळे दाबाखाली मऊ पडून जाळीतून निघून जातात आणि पुढे परत जमतात. आत-बाहेरच्या दाबात ०.५ किलो/चौ.सेंमी फरक पडला की बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं). व्हेंचुरी (खत-औषध पाण्यात ओढून घेणारं साधन) सँड आणि डिस्क यांच्या मधे.

चिकट थरासाठी क्लोरीन. सोडियम हायपोक्लोराइट १० टक्के वापरा. ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शियम असतो आणि इथे बायकार्बोनेट ६ आहे, चुना हमखास बसणार. २० घनमीटर पाण्यात ५ मिग्रॅ/लि देण्यासाठी १०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांचं १ लीटर. हायपो उन्हात उतरतं, महिनाभर शेडमध्ये पडलेलं कॅन १० टक्के राहिलेलं नसतं.

तुमची अडचण अमोनिया नत्र ८ ही आहे. मुक्त क्लोरीन उरायला हवा असेल तर आधी सगळा अमोनिया फेडावा लागतो, १ मिग्रॅला ८ ते १० मिग्रॅ क्लोरीन. म्हणजे ६४ ते ८० मिग्रॅ/लि. ते परवडणारं नाही आणि क्लोराइडही वाढेल. एक तर क्लोरामाइनवर (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) समाधान माना, तो मंद असला तरी थर रोखतो. नाहीतर ईटीपीवाल्यांना हवा वाढवून अमोनियाचं नायट्रेट करायला सांगा. दुसरा मार्ग बरा.

चुन्यासाठी आम्ल: सामू ४ च्या खाली येईल इतकं देऊन अर्धा ते एक तास नळ्यांत राहू द्यायचं, मग फ्लश. आम्ल आणि हायपो एकाच वेळी, एकाच टाकीतून, एकाच बादलीतून कधीही नाही. क्लोरीन वायू सुटतो. मधे एक पूर्ण दिवस ठेवा.

दर आठवड्याला लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या नळ्या) एन्ड कॅप उघडा. १६ मिमीच्या नळीत अर्धा मीटर/सेकंद वेग हवा, म्हणजे टोकाला मिनिटाला साडेचार लीटर. दहा लीटरची बादली सव्वादोन मिनिटांत भरायला हवी. एकदम सगळ्या कॅप उघडल्या तर हा वेग येत नाही, चार-पाच करून उघडा.

ताशी ४ लीटरचा ड्रिपर २ लीटरवाल्यापेक्षा कमी बुजतो. तुषार मात्र नको: क्लोराइड १०५ आणि सोडियम ७० मिग्रॅ/लि च्या वर गेलं की पानांच्या कडा करपतात, तुमचं दोन्ही वर आहे.

वाटसरू_२
मधेच विचारतो. आमच्या एमआयडीसीत सीईटीपी (अनेक कारखान्यांचं सामायिक सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र) आहे. त्याचंही पाणी "प्रक्रिया केलेलं" असतं. हेच सगळं नियम पाळून ते वापरता येईल का?

ईटीपीवाला
भाजीला नाही. यात मधला मार्ग नाही. सीईटीपीत आज रंगाचा कारखाना, उद्या प्लेटिंग, परवा औषधांचं इंटरमीडिएट. काल आलेला अहवाल आजच्या पाण्याला लागू पडत नाही. प्रयोगशाळा जे शोधायला सांगाल तेच शोधते, आणि तिथे काय शोधायचं हेच कुणाला ठाऊक नसतं.

एफएओच्या सिंचनाच्या पाण्यातल्या मर्यादा बघा: कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१, निकेल ०.२, तांबं ०.२, आर्सेनिक ०.१ मिग्रॅ/लि. हेक्टरी वर्षाला १०,००० घनमीटर पाणी धरून त्या काढल्या आहेत. मातीत गेलेला धातू पिढ्यान् पिढ्या निघत नाही. कानपूरच्या जाजमऊला १९९० च्या दशकापासून चामड्याच्या कारखान्यांचं आणि शहराचं मिश्र पाणी प्रक्रिया करून शेतांना दिलं गेलं. तिथल्या मातीत आणि भूजलात क्रोमियम आजही मुरलेलं आहे.

काळीमाती
भर घालतो. कॅडमियम पालेभाज्या आणि कंद सगळ्यात जास्त उचलतात, फळभाज्या कमी. पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर कॅडमियम त्याच्याशी जोडून मुळांत सहज शिरतो. चुनखडीच्या जमिनीत बरेच धातू अडकून राहतात हे खरं, पण मॉलिब्डेनम आणि सेलेनियम उलट अशाच जमिनीत मोकळे होतात. "आमची जमीन काळी आहे, काही होत नाही" यावर जाऊ नका.

चाळणी
डेअरीकडे परत येऊ. सोडियम २३० जमिनीत उतरू द्यायचा आणि मग जिप्समने (कॅल्शियम असलेलं खनिज, सोडियमची जागा घेतं) काढायचा, हा उलटा कारभार आहे. तो प्रकल्पातच कमी होतो. कुठून येतो ते बघा:

कॉस्टिक. १०० किलो फ्लेक्समध्ये ५७ किलो सोडियम. १५० घनमीटर पाण्यात रोज तेवढं गेलं तर ३८० मिग्रॅ/लि. वापरलेलं कॉस्टिक टाकीत परत घेऊन दोन-तीन फेऱ्या चालवता येतं. काही टप्प्यांत कॉस्टिक पोटॅश वापरता येतं, महाग आहे पण पोटॅशियम पिकाला लागतोच.

बॉयलरच्या सॉफ्टनरचं (जड पाणी मऊ करणारं यंत्र) मीठ. याकडे कुणाचं लक्ष नसतं. रिजनरेशनला, म्हणजे ते यंत्र पुन्हा कामाचं करायला, रोज ५० किलो मीठ म्हणजे जवळपास २० किलो सोडियम आणि ३० किलो क्लोराइड. हे पाणी ईटीपीला जोडूच नये, वेगळ्या बाष्पीभवन टाकीत. आरओ असेल तर त्याचा रिजेक्टही तिकडेच.

सामू वाढवायला ईटीपीत कॉस्टिक किंवा सोडा ॲश टाकत असतील तर चुन्यावर या. सोडियमच्या जागी कॅल्शियम येतो, एसएआर दोन्ही बाजूंनी सुधारतो. सामू उतरवायला नायट्रिक आम्लाच्या सीआयपीचंच पाणी समीकरण टाकीत (सगळं सांडपाणी मिसळून एकसारखं करणारी टाकी) कॉस्टिकच्या पाण्याशी गाठ घालून द्या. बऱ्याच ठिकाणी टाकी लहान असते, दोन्ही वेगवेगळ्या वेळी येतात आणि एकमेकांना भेटतच नाहीत.

अजून एक: ईटीपीच्या प्रयोगशाळेत सीओडीची चाचणी होते, तिच्या उरलेल्या द्रवात पारा, क्रोमियम आणि चांदी असते. ती बेसिनमधून ईटीपीत जात नाही ना, हे डोळ्यांनी बघून घ्या. घातक कचरा म्हणून वेगळ्या कॅनमध्ये जायला हवी.

बांधावरचा
सॉफ्टनर आहे आणि जोडलेलाच आहे. त्यांच्याशी बोलतो. विहिरीचं पाणी मिसळलं तर? ईसी ०.६, पण उन्हाळ्यात थोडंच असतं.

रानपाखरू
मिसळण्यापेक्षा आलटून-पालटून वापरा. उगवण आणि रोपं रुजेपर्यंतचे पहिले तीन आठवडे पीक सगळ्यात नाजूक असतं, तेव्हा फक्त विहीर. मधला काळ डेअरीचं पाणी. तोडणी सुरू झाली की परत विहीर: क्षारही खाली जातात, जंतूही उतरतात. थोडं चांगलं पाणी सगळ्यात मिसळून सगळंच मध्यम करण्यापेक्षा हे पुरतं.

नत्र विसरू नका. पाण्यात २० मिग्रॅ/लि म्हणजे घनमीटरला २० ग्रॅम. टोमॅटोला हंगामात एकरी १,७०० घनमीटर यातलं गेलं तर ३४ किलो नत्र, म्हणजे ७४ किलो युरिया, दीड गोणीच्या वर. ते खताच्या वेळापत्रकातून वजा करा. नाहीतर फळ धरायच्या वेळी झाड पाल्यावर जातं, फळं मऊ राहतात आणि रस शोषणाऱ्या किडी येतात. खत तुम्ही थांबवू शकता, पाण्यातला नत्र थांबत नाही.

क्षेत्राचा हिशेब: रोज ५ मिमी म्हणजे एकराला २० घनमीटर. १५० घनमीटरला सात-साडेसात एकर. त्याहून कमी क्षेत्रावर जिरवायला सांगितलं तर नाही म्हणा.

ठिबकसिंचन_सल्ला
साठवण: ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल, दीडास एक उताराचं शेततळं १,९७० घनमीटर धरतं, म्हणजे १३ दिवस. आत अस्तर हवंच, नाहीतर पहिलं क्षारपाणी तुमच्याच विहिरीत. उपसा तळातून नाही आणि पृष्ठभागावरूनही नाही. तरंगत्या सक्शनने दोन फूट खालून. वर शेवाळ, खाली गाळ आणि कुजका वास. साठवणीत पाणी काळं पडू लागलं तर बीओडी वाढलाय, त्या दिवशी ठिबक बंद.

सामू_सात
रोज प्रयोगशाळा परवडत नाही, म्हणून बियांची चाचणी शिकून घ्या. मुळ्याच्या २० बिया ओल्या टिपकागदावर, एका ताटलीत डेअरीचं पाणी, दुसरीत विहिरीचं. पाच दिवसांनी किती रुजल्या आणि मूळ किती लांब, ते मोजा. डेअरीच्या ताटलीतली सरासरी लांबी विहिरीच्या ८० टक्क्यांखाली आली तर पाणी थांबवून नमुना पाठवा. पंधरा दिवसांतून एकदा करा. रोज फक्त ईसी आणि सामू लिहा, ईसी १.८ झाली की व्हॉल्व्ह बंद करायचा अधिकार गटाकडे असावा.

ईटीपीवाला
तो अधिकार करारातच लिहा. जलप्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २४ प्रमाणे प्रदूषक द्रव नदी-विहिरीतच नव्हे, जमिनीवर सोडायलाही मनाई आहे. प्रकल्पाला मंडळाकडून मिळालेल्या संमतीपत्रात "सिंचनासाठी जमिनीवर" असं लिहिलेलं असतं, पण बहुतेकदा ते त्यांच्या स्वतःच्या आवारातल्या एकरांपुरतं. तुमचे गट क्रमांक आणि क्षेत्र त्यात चढल्याशिवाय एक थेंब घेऊ नका. करारात: रोजचं कमाल प्रमाण, ईसी-सोडियमची मर्यादा, २४ तासांच्या नमुन्याचा मासिक अहवाल, ईटीपी बिघडला तर पाणी कुठे वळवणार, पावसाळ्यात घेण्याची सक्ती नाही, आणि उताराकडच्या दोन विहिरींची दर तीन महिन्यांनी तपासणी त्यांच्या खर्चाने.

बांधावरचा
प्रकल्प सॉफ्टनर आणि स्वच्छतागृह वेगळं करायला तयार आहे, संमतीपत्रात बदलासाठी अर्ज करणार. ४ मिमीचा कोपरा वगळतोय. तोवर जिप्समचं विचारून ठेवतो: किती, केव्हा, आणि ठिबकमधून देता येईल का?

काळीमाती
ठिबकमधून नको, बायकार्बोनेटबरोबर नळ्यांतच बसेल. मातीत द्या.

पाण्याचा हिशेब: कॅल्शियम १ मिइ/लि वाढवायला घनमीटरला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम. एसएआर ६.३ वरून ५ वर आणायला कॅल्शियम-मॅग्नेशियम ५ वरून ८ हवं, म्हणजे ३ मिइ, २५८ ग्रॅम. ८० टक्के शुद्धतेचा माल धरला तर ३२० ग्रॅम. १,७०० घनमीटरला एकरी साडेपाच क्विंटल. सॉफ्टनर सुटला की सोडियम उतरेल, तेव्हा नवा अहवाल घेऊन परत काढा, कदाचित निम्म्यात भागेल.

मातीत आधीच सोडियम असेल तर ते वेगळं. एक एकर, एक फूट थर, १०० ग्रॅम मातीमागे १ मिइ सोडियम हटवायला साधारण दीड टन. मातीची सोडियम-कॅल्शियमसारखे घटक धरून ठेवण्याची क्षमता १०० ग्रॅमला ५० मिइ असेल आणि सोडियम ८ टक्क्यांवरून ५ वर आणायचा तर दीड मिइ, म्हणजे सव्वादोन टन. फक्त वरच्या १५ सेंमीसाठी निम्मं.

वेळ मे अखेर, मातीचे नमुने घेतल्यावर आणि पहिल्या पावसाच्या आधी. बारीक दळलेलं, पसरून वरच्या १०-१५ सेंमीत मिसळलेलं. पावसाचं पाणी गोडं असतं म्हणून जमीन सुटते; त्याच पाण्यात जिप्सम विरघळत गेला तर ईसी टिकते आणि सुटलेला सोडियम खाली धुऊन जातो. पाऊस पडून गेल्यावर टाकलं तर पापुद्रा आधीच धरलेला असतो, जिप्सम वर पडून राहतो. गोणी घेताना शुद्धता आणि चाळणीचा आकार लिहून घ्या, खड्याच्या मालाचा पहिल्या पावसात उपयोग नाही.